'जायला'मधला 'ला' कुणाचा?

पौड रस्त्याच्या सिग्नलला आमच्या पुढे पोलिसांची गाडी उभी होती. मागच्या सीटवर माझी भाची आणि तिची मैत्रीण, दोघी नववीतल्या. भाचीने शाळेत जर्मन घेतलंय, मैत्रिणीने संस्कृत. समोरच्या गाडीवर लिहिलेलं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' भाचीने अडखळत वाचलं आणि विचारलं, "सद्रक्षणाय म्हणजे काय गं?"

मैत्रीण क्षणभरही थांबली नाही. "अकारान्त नपुंसकलिंगी, चतुर्थीचं एकवचन. वनाय, वनाभ्याम्, वनेभ्यः."

"अगं पण म्हणजे काय?"

यावर शांतता. मग जरा चाचरत, "रक्षणाला?"

"रक्षणाला काय?"

सिग्नल सुटला आणि विषयही सुटला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. मुलगी हुशार आहे, तिचा तक्ता पाठ आहे, विभक्ती तिने बिनचूक ओळखली. तरी ते शब्द तिच्याशी बोलले नाहीत. गंमत म्हणजे ते बोलतात त्याच बोलीत ती दिवसभर बोलत असते. सज्जनांचं रक्षण करायला, दुष्टांना आवरायला: पोलीस कशाला आहेत, याचं ते उत्तर आहे. 'करायला', 'आवरायला', 'कशाला' या तिन्ही शब्दांच्या शेवटी जो 'ला' आहे, त्याचंच काम तिथे 'आय' करतोय. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण शाळेत विभक्ती शिकवतो ती प्रत्ययांच्या तक्त्यातून, आणि ती शिकवायला हवी कामातून. भाषेत प्रत्यय मरतात, झिजतात, बदलतात; काम तेच राहतं आणि ते नवे प्रत्यय शोधून आणतं. चतुर्थी आणि 'जायला-करायला' यांची जोडी हा याचा मला माहीत असलेला सगळ्यात देखणा दाखला आहे.

पाणिनीचं एक सूत्र आहे, 'तुमर्थाच्च भाववचनात्'. क्रियेचं नुसतं नाव सांगणारा शब्द जर 'तुम्'च्या अर्थाने, म्हणजे 'अमुक करायला' या अर्थाने वापरला, तर त्याला चतुर्थी लागते. टीकाकार उदाहरण देतात 'पाकाय व्रजति'. पक्तुं व्रजति म्हणा की पाकाय व्रजति म्हणा, माणूस स्वयंपाक करायलाच चाललाय. आता हेच मराठीत बघा. 'जेवायला बोलावलंय' आणि 'जेवणाला बोलावलंय'. पहिल्यात क्रियापदाचं रूप आहे, दुसऱ्यात नाम आहे, आणि दोन्हीकडे 'ला'. (कानाला फरक लागतो तो एवढाच, की 'जेवणाला' म्हटलं की पंगत, पाट, निदान गोडाचं काहीतरी असणार, 'जेवायला' म्हटलं की पिठलं-भातही चालतो.) पोलिसांच्या गाडीवरचे दोन्ही शब्द 'पाकाय'च्याच जातीचे आहेत. रक्षण आणि निग्रहण ही क्रियांची नावं, आणि त्यांना चतुर्थी.

वेदांच्या भाषेत हा प्रकार किती पसरला होता ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. पुढच्या संस्कृतात 'तुम्' एकटाच उरला, पण पाणिनीने वेदासाठी म्हणून 'तुम्'च्या अर्थाचे 15 प्रत्यय एकाच सूत्रात मोजून दिले आहेत. जीवसे म्हणजे जगायला, हन्तवे म्हणजे मारायला, दृशे म्हणजे बघायला. संध्या करणाऱ्या घरांत रोज म्हटली जाणारी ओळ आहे, 'दृशे विश्वाय सूर्यम्'. किरण सूर्याला वर आणतात ते कशाला? सगळ्यांना सूर्य बघायला मिळावा म्हणून. इथे दोन चतुर्थ्या शेजारी शेजारी बसल्या आहेत, एक माणसांची (विश्वाय) आणि एक क्रियेची (दृशे). मराठीत आपण 'मला पोहायला आवडतं' म्हणतो तेव्हा तेच करतो. एक 'ला' कुणाचा ते सांगतो, दुसरा कशाचा ते.

पाणिनीने या रूपांना चतुर्थी म्हटलं नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याने ती अव्ययात टाकली. 'कृन्मेजन्तः' या सूत्रात तो म्हणतो की म् किंवा ए-ऐ-ओ-औ यांनी संपणारी कृदन्तं, म्हणजे धातूला प्रत्यय लागून बनलेले शब्द, अव्ययं समजा. या सूत्राकडे मी बराच वेळ बघत बसले होते. कर्तुम् मधला म् हा द्वितीयेचा म् आणि जीवसे, दृशे मधला ए हा चतुर्थीचा ए. विभक्त्या गोठून गेल्या, पण त्यांचे ठसे सूत्रात राहिले.

ते ठसे विभक्तीचे आहेत हे मोठ्याने सांगितलं युरोपातल्या लोकांनी. फ्रान्त्स बोप या जर्मन भाषाभ्यासकाने 1816 मध्ये संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन या भाषांतली क्रियापदं शेजारी ठेवून पाहिली आणि तिथून तुलनात्मक व्याकरणाचा रस्ता खुला झाला. पुढे त्या शतकात एक गोष्ट पक्की होत गेली: ग्रीक-लॅटिनच्या व्याकरणात क्रियापदाचं मूळ रूप म्हणून पाठ केलं जाणारं जे इन्फिनिटिव्ह, ते मुळात क्रियावाचक नामाचं विभक्तिरूप होतं, आणि बऱ्याच वेळा ती विभक्ती चतुर्थी होती. ऋग्वेदात एक ऋषी म्हणतो, मला ठाऊक नाही, म्हणून जाणत्यांना विचारतो, 'विद्मने', जाणून घ्यायला. होमरच्या ग्रीकमध्ये जाणायला या अर्थाचा शब्द आहे 'इद्मेनाइ'. तोंडचा व पुढे ग्रीकने टाकून दिला, बाकी शब्द जवळजवळ तोच. लॅटिनचं 'विवेरे', जगणं, हे आपल्या 'जीवसे'चं सख्खं नसलं तरी चुलत भावंड आहे.

इंग्रजी तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. 'टू गो', 'टू ईट' मधला 'टू' हा साधा 'कडे' दाखवणारा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याच्यापुढे क्रियापदाचं चतुर्थीतलं रूप यायचं, 'तो डोन्ने', म्हणजे करायला. शेपटी झिजून गेली, 'टू' राहिला, आणि आता इंग्रजीच्या तासाला मुलं 'टू प्लस व्हर्ब' असं सूत्र पाठ करतात. माझ्या भाचीच्या जर्मनच्या वहीत मी परवा 'त्सुम एसेन' बघितलं. जेवायला. त्सु म्हणजे कडे, पुढे चतुर्थीतलं (जर्मनमध्ये तिला 'डेटिव्ह' म्हणतात) उपपद, आणि मग खाण्याचं नाम. शब्दाला शब्द ठेवून 'जेवणाला'. तिचं म्हणणं, "मावशी, डेटिव्ह फार बोअर आहे, आपल्यात असलं काही नसतं." मी विचारलं, तुला चॉकलेट आवडतं हे जर्मनमध्ये कसं म्हणशील? म्हणाली, चॉकलेट आवडलं तर 'मीर'. आणि मराठीत? "मला." मग तिचं तिलाच हसू आलं. पाणिनी 'रुच्यर्थानां प्रीयमाणः' म्हणून ठेवतो तेच हे: आवडण्याच्या क्रियापदांत ज्याला आवडतं तो संप्रदान, म्हणजे चतुर्थीत.

इथपर्यंत वाचून कुणाची छाती फुगत असेल तर जरा थांबा. 'जेवायला'मधला 'ला' वेदातून वाहत आलेला नाही. मधे एक मोठा खंड पडला आहे, आणि खरी गोष्ट त्या खंडातच आहे.

प्राकृतात चतुर्थी मेली. वररुचीचं प्राकृत व्याकरण तीन शब्दही खर्च करत नाही: 'चतुर्थ्याः षष्ठी'. चतुर्थीच्या जागी षष्ठी घाला आणि पुढे चला. पुढे हेमचंद्र या व्याकरणकारानेही हेच सूत्र दिलं, पण लगेच पुढे एक सवलत ठेवली: 'त्यासाठी' असा अर्थ असेल तर एकवचनात जुनी चतुर्थी चालेल. म्हणजे देण्याघेण्याची, माणसांची चतुर्थी गेली तरी हेतूची चतुर्थी शेवटपर्यंत तग धरून राहिली. पालीतही तसंच. 'दस्सनाय', बघायला. आकाशवाणीचं 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे मूळचं बुद्धवचन याच टिकून राहिलेल्या चतुर्थीतलं आहे. घर पडलं तरी एक खांब उभा राहावा, तसं.

मग तोही पडला. आणि मराठीने नवं घर बांधलं. 'कर्तव्य'चं झिजून 'करावे' झालं, त्याचं सामान्यरूप 'करावया', त्याला 'स' किंवा 'ला' जोडून करावयास, करावयाला, आणि बोलता बोलता करायला. तुकोबांच्या एकाच अभंगात दोन्ही अवस्था सापडतात: 'आलों याचि कारणासी' इथे प्रत्यय लावलेला, आणि दोनच पावलांवर 'साच भावें वर्ताया' इथे प्रत्ययाशिवाय नुसतं सामान्यरूप. आज आपण 'वर्तायला' म्हणू. त्या काळी 'वर्ताया'तच चतुर्थीचा अर्थ भरलेला होता. दुसरीकडे 'कर्तुम्'ची झिजलेली आठवण मराठीने 'करू'च्या रूपात जपली. करू शकतो, करू लागला, करू दे, करू नको. पाणिनी 'शक्' धातूबरोबर तुम् सांगतो. आपणही 'करू शकतो' म्हणतो, 'करायला शकतो' कुणी म्हणत नाही. पण जायचं असेल तर 'करायला' जातो. एका घरात दोन भावंडं, एकाने द्वितीयेचा वारसा घेतला, दुसऱ्याने चतुर्थीचा नव्याने मिळवला.

बरं, हे फक्त आपल्यालाच सुचलं असंही नाही. हिंदीत 'खाने को', 'देखने को मिला'. गोव्यात 'हांव जेवपाक वतां', जेवप हे नाम आणि 'क' हा तोच प्रत्यय जो 'म्हाका'त आहे. इथवर कुटुंबातल्या गोष्टी. पण सोलापूर-बेळगावकडे कन्नडमध्ये 'माडलिक्के' म्हणतात, करायला, आणि त्यातला 'क्के' हा कन्नडचा चतुर्थीचा प्रत्यय आहे. तेलुगूत 'तिनडानिकि', खायला, 'कि' चतुर्थीचा. संस्कृत, ग्रीक, जर्मन, मराठी ज्यात येतात त्या इंडो-युरोपीय कुळाशी या भाषांचा रक्ताचा संबंध नाही. शेजार आहे, आणि माणसाच्या मनाचा एक सरळ हिशेब आहे: जिथे जायचं ते ठिकाण, ज्याला द्यायचं तो माणूस आणि जे करायचं ते काम, तिन्ही आपल्या पुढे असतात आणि आपण त्यांच्या दिशेने निघालेलो असतो. म्हणून तिघांना एकच प्रत्यय. उलट टोकाला आजची ग्रीक आहे. 'इद्मेनाइ' म्हणणाऱ्या होमरची ही भाषा आज चतुर्थीही वापरत नाही आणि इन्फिनिटिव्हही नाही. ती 'की मी जावं' अशी वाक्यं जोडून काम भागवते, आणि तिचं काहीही अडत नाही.

आता शाळेकडे येऊ.

दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यापुढे संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही व्याकरणांचे नमुने होते. मोरो केशव दामल्यांचा ग्रंथ 1911चा. ही माणसं प्रचंड मेहनती होती आणि त्यांनी वाद घालत घालत विचार केला. आपण त्यांचे वाद टाकून दिले आणि तक्ता उचलला. द्वितीया: स, ला, ते, स, ला, ना, ते. चतुर्थी: स, ला, ते, स, ला, ना, ते. दोन ओळी, एक अक्षराचा फरक नाही. मुलांनी वेगळं ओळखायचं कसं? उत्तर ठरलेलं असतं: कर्म असेल तर द्वितीया, दान असेल तर चतुर्थी. मग 'मुलाला आंबा दे' यातला मुलगा चतुर्थीत, 'मुलाला मार' मधला द्वितीयेत, आणि 'आंबा खा' मधला आंबा कर्म असूनही प्रथमेत. आणि 'ते' प्रत्यय? तो मी आयुष्यात फक्त या तक्त्यात आणि जुन्या कवितेत पाहिला आहे.

'जायला', 'खेळायला' मात्र या तक्त्यात कुठेच नसतात. ते दुसऱ्या प्रकरणात, धातुसाधितांत. एकच 'ला' दोन प्रकरणांत तुटतो आणि मुलाला कधी कळतच नाही की तो एक आहे. आणि मंडईतली 'वीसला दोन जुड्या'? 'दिवाळीला ये'? 'घाटाला गाडी बंद पडली'? त्यांना तर प्रकरणच नाही.

यावर उपाय म्हणून एक पक्ष म्हणतो, मराठीला आठ विभक्त्या नाहीतच, सामान्यरूप आणि त्याला लागणारी शब्दयोगी शेपटं एवढंच खरं, तेव्हा हे संस्कृताचं ओझं फेकून द्या. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बरंचसं बरोबर आहे, आणि तरी मला हा उपाय अर्धा वाटतो. रूपांचा तक्ता फेकलात तरी प्रश्न उरतोच: हे 'ला' इतक्या ठिकाणी का लागतं? चतुर्थी हे नाव म्हणजे चौथा क्रमांक, त्याला अर्थ नाही, त्याचा मोह मलाही नाही. पण संप्रदान आणि तादर्थ्य, म्हणजे 'कुणाला' आणि 'कशाला', हे दोन प्रश्न फेकून दिले तर हातात नुसती शेपटं राहतील. मराठीने तर हे दोन प्रश्नही एकाच प्रत्ययाने बनवलेत: कुणाला, कशाला. याहून सोपा धडा कोणता हवा?

3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. आपण ढोल वाजवले ते बरोबरच केलं. पण ज्या प्राकृताच्या नात्याने आपण हा दावा सांगितला, तिच्यात चतुर्थीचं काय झालं हे शाळेतल्या एका तरी मुलाला सांगतो का? 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावरून राज्य पेटलं; एप्रिलमध्ये निघालेला आदेश 29 जूनला मागे घेतला गेला. भाषा किती, कोणत्या, कुठल्या इयत्तेपासून, यावर सगळे बोलले. मीही तावातावाने बोलले. पण त्या भाषा एकमेकींना ओळख दाखवतील अशा शिकवायच्या का, हा प्रश्न कुणी काढला नाही. आज एकाच मुलाला मराठीचे सर 'चतुर्थी' सांगतात, हिंदीच्या मॅडम 'संप्रदान कारक' सांगतात, इंग्रजीत ते 'इन्फिनिटिव्ह' होतं आणि जर्मनमध्ये 'डेटिव्ह'. चार तास, चार नावं, चार वह्या. चारही ठिकाणी मूल एकच गोष्ट चार वेळा अनोळखी म्हणून शिकतं.

मी सुचवते ते फार मोठं नाही. आठवी-नववीत आठवड्याला एक तास भाषांच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. एक वाक्य फळ्यावर लिहावं, 'मी आजीला भेटायला जाते', आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेत ते मुलांकडून म्हणवून घ्यावं. वर्गात कोकणी, कन्नड, तेलुगू, गुजराती बोलणारी मुलं असतातच; त्यांनाही म्हणू द्यावं. मग 'आजीला'मधला 'ला' आणि 'भेटायला'मधला 'ला' कुठे कुठे सारखा राहतो आणि कुठे वेगळा होतो ते मुलांनीच शोधावं. प्रत्यय मुलं आपोआप लक्षात ठेवतील, कारण ते त्यांच्याच तोंडात आहेत.

यावर आक्षेप येणारच, आणि त्यातले काही वजनदार आहेत. शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे. जनगणना, निवडणूक, अमुक ॲप, तमुक फॉर्म. शिक्षकाला हिंदी येईल, कन्नड कुठून येणार? मान्य. पण या तासाला शिक्षकाला कन्नड यायची गरज नाही, मुलाला यावी लागते, आणि त्याला ती येते. दुसरा आक्षेप, हे संस्कृतचं घोडं मागच्या दाराने आणणं आहे. मी वर प्राकृत, कन्नड, तेलुगू यांना आणलंय ते याचसाठी. आपला 'ला' संस्कृतातून आला नाही, हेच तर या तासाला दिसेल. तिसरा आक्षेप मला खरा अवघड वाटतो: स्पर्धा परीक्षा. तिथे 'अधोरेखित शब्दाची विभक्ती ओळखा' हा प्रश्न येतो, चार पर्याय असतात, एकच बरोबर असतो. हजारो मुलं त्या एका गुणासाठी रात्री जागतात. त्यांना जाऊन 'विभक्ती म्हणजे काम' सांगणं निर्दयपणाचं आहे. मग बदल तिथूनच, प्रश्नपत्रिकेतून सुरू व्हायला हवा. 'विभक्ती ओळखा'ऐवजी 'हा "ला" इथे काय सांगतो?' असं विचारलं तर उत्तर तपासायला कठीण नाही, आणि पाठ करून देता येणार नाही.

त्याच संध्याकाळी भाचीने तिच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, "अगं, सद्रक्षणाय म्हणजे त्सुम सद्रक्षण!" पलीकडून खो खो हसण्याचा आवाज आला. मग तिने मला विचारलं, उद्या मराठीची चाचणी आहे, त्यात चतुर्थीचे प्रत्यय आले तर हेच लिहू का?

मला सांगावं लागलं की नको बाई, तिथे स, ला, ते लिही. स, ला, ना, ते.